वाढदिवसाचे बेदाणे

नवऱ्याला वाढदिवसाला काय द्यावं, हा प्रश्न सांगलीतल्या बाकीच्या बायका दुकानात जाऊन सोडवतात. शर्टपीस, पाकीट, फार प्रेम उतू जात असेल तर मनगटी घड्याळ. नवरा 'कशाला एवढा खर्च' म्हणतो आणि विषय मिटतो. आमच्या घरी असं सुख नाही. माझी पत्नी प्रियदर्शनी मला दरवर्षी स्वतःच्या हातानं केलेली भेट देते, आणि तीही ऋतूप्रमाणे. म्हणजे निसर्ग त्या दिवसांत जे काही देत असेल ते तिच्या हातून माझ्यावर येतं.

माझा वाढदिवस मार्चात येतो. एका वर्षी तिनं पळसाची फुलं उकळून त्या रंगात माझा पांढरा शर्ट बुडवला. शर्ट सुंदर झाला होता, हे मी मान्य करतो. तो घालून मी मिरजेला एका लग्नाला गेलो, तिथं घाम आला, आणि मंडपातून बाहेर पडताना मानेपासून कंबरेपर्यंत मी स्वतःच पळस झालो होतो. वरपक्षातल्या एकानं मला हळूच बाजूला घेऊन कावीळ उतरवणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. पुढच्या वर्षी सावरीची बोंडं फुटली, तेव्हा त्यांचा कापूस वेचून तिनं उशी केली. दुकानात मिळणार नाही इतकी मऊ उशी. शिवण जरा सैल होती, त्यामुळे मी सकाळी उठायचो तेव्हा माझ्या मिशा पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि दुपारपर्यंत शिंका चालायच्या. तिला हे सांगणं शक्य नव्हतं. ती सकाळी विचारायची, 'झोप लागली ना छान?' आणि मी शिंकत मान हलवायचो.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा वाढदिवसाच्या दिवशीच संध्याकाळी आमच्या समाधान अपार्टमेंटची सभा होती, आणि त्या सभेत अध्यक्षाची निवड व्हायची होती. अध्यक्ष मी होतो. गेली चार वर्षं होतो, आणि पुढेही राहायचा माझा विचार होता. ज्यांना हे हास्यास्पद वाटत असेल त्यांनी आधी बँकेतून निवृत्त होऊन दाखवावं. आयुष्यभर केबिनच्या दारावर ज्याचं नाव होतं, त्याला एके दिवशी घरी बसवून 'कोथिंबीर निवडा' म्हणतात. समाधान अपार्टमेंटनं मला त्या कोथिंबिरीतून बाहेर काढलं होतं. जिन्यातून जाताना लोक 'नमस्कार मगदूमसाहेब' म्हणायचे. पाण्याचा पंप माझ्या शब्दावर चालू व्हायचा.

प्रियदर्शनीला या पदाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्याचं कारण एकच. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. लग्नापासून आम्ही दोघं संध्याकाळी उजेडात शेजारी बसून जेवत आलो. मी अध्यक्ष झाल्यापासून मात्र लोकांची भांडणं नेमकी त्याच वेळेला सुरू व्हायची. ऑफिसातून माणसं घरी यायची, पार्किंग बघायची आणि मला हाक मारायची. मी निवाडा करून वर येईपर्यंत दिवस बुडालेला असायचा. मग ती एकटी जेवून ताट धुवून बसलेली, आणि मी पाणी पिऊन उपाशी झोपणार. वाढदिवसाला तरी असं करू नका, एवढंच तिनं यंदा मागितलं होतं. मी 'बघू' म्हणालो होतो. बँकेत कर्ज नाकारताना आम्ही हाच शब्द वापरायचो.

फेब्रुवारीत एका सकाळी माझ्या मेव्हण्याचा टेम्पो तासगावहून आला आणि दारात द्राक्षांचे क्रेट उतरू लागले. मला वाटलं, भावानं बहिणीला खायला पाठवली असतील. पण एवढी द्राक्षं खाणारं कुटुंब आमच्या घरात नव्हतं. प्रियदर्शनीनं पदर खोचला आणि जाहीर केलं की यंदा वाढदिवसाला बेदाणे. औषधाचं पाणी नाही, गंधक नाही, नुसत्या सावलीत आणि वाऱ्यावर स्वतःच्या हातानं वाळवलेले.

"वाळवणार कुठं?" मी विचारलं.

"गच्चीवर. आणखी कुठं?"

इथंच अडचण होती. जिन्याच्या तोंडाशी एक लॅमिनेट केलेली सूचना होती. 'गच्चीवर कोणतीही खाद्यवस्तू वाळवण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून, अध्यक्ष.' दुसऱ्या मजल्यावरच्या शालूबाईंच्या कुरडया वाऱ्यानं उडून पाण्याच्या टाकीत पडल्या होत्या आणि सगळ्या इमारतीनं एक दिवस चिकाच्या पाण्यानं अंघोळ केली होती. त्यानंतर मी ती सूचना लावली होती. शालूबाईंनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं सोडलं होतं आणि माझ्याविषयी बोलणं वाढवलं होतं.

हे सगळं मी प्रियदर्शनीला समजावलं. ती शांतपणे घड धूत राहिली. शेवटी म्हणाली, "सूचना तुम्हीच लिवली न्हवं? मग तुम्हीच काढा की वो."

सूचना काढणं म्हणजे शालूबाईंपुढे शरण जाणं. पण बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. नियम मोडायचा नसतो, त्याच्या खाली दुसरा नियम लावायचा असतो. मी सेक्रेटरी उदयसिंहला बोलावलं. हा एक अत्यंत कायदेशीर तरुण आहे. स्वतःच्या घराची बेलसुद्धा तो वाजवावी की नाही याचा विचार करून वाजवतो. मी त्याला म्हणालो, अध्यक्षांच्या घरापुरती सवलत देऊ. तो म्हणाला, साहेब, एका घरापुरती सवलत म्हणजे पक्षपात, निवडणुकीच्या तोंडावर अंगाशी येईल, सवलत सर्वांना हवी. मग आम्ही दोघांनी डोकं लावून एक परिपत्रक काढलं. 'वाढदिवसानिमित्त पती अथवा पत्नीस द्यावयाची, स्वहस्ते तयार होणारी भेटवस्तू वरील मनाईतून वगळण्यात येत आहे.' मसुदा इतका बिनतोड झाला होता की मी तो दोनदा मोठ्यानं वाचला. असा वाढदिवस आणि अशी बायको इमारतीत दुसऱ्या कुणाची असणार, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उदयसिंहला घेऊन गच्चीवर गेलो, तर द्राक्षं पसरलेल्या प्रियदर्शनीच्या बाजांशेजारी शालूबाई कुरडया घालत होत्या. कैक दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या.

"ह्यांचा वाढदिवस हाय," त्या म्हणाल्या.

त्यांच्या यजमानांचा वाढदिवस दिवाळीत असतो. मी स्वतः तिथं चकल्या खाल्लेल्या आहेत. तसं मी म्हणताच शालूबाई थंडपणे म्हणाल्या, "पुढल्या दिवाळीचा म्हणत्ये मी. आवं, कुरडई काय दिवाळीत वाळती व्हय? तुमच्या कागदावर कुठं लिवलंय, वाढदिवस कवाचा ते?"

कागदावर खरंच लिहिलेलं नव्हतं. मी उदयसिंहकडे पाहिलं, उदयसिंहनं आकाशाकडे पाहिलं.

त्यानंतर धरणच फुटलं. समाधान अपार्टमेंटमध्ये एवढी प्रेमळ जोडपी राहतात हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभर एकमेकांवर भांडी आपटणारी माणसं एकमेकांसाठी सांडगे घालू लागली. पापड आले, शेवया आल्या, एकीनं नवऱ्याच्या वाढदिवसासाठी गोधड्या धुऊन टाकल्या. तिसऱ्या मजल्यावरचे नानासो, मूळचे म्हसवडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी अख्ख्या वर्षाच्या मिरच्या पसरल्या. त्यांच्या मंडळी गावाकडे शेरडं सांभाळतात आणि सांगलीला सणासुदीलाच येतात. मी विचारलं, ही भेट कुणाला? नानासो ताठ उभे राहून म्हणाले, "मिसेसला. बर्थडेला चटणी देणार हाय. स्वहस्ते." मंडळींचा वाढदिवस कधी असतो असं विचारल्यावर त्यांनी एक जून सांगितला. शाळामास्तरांनी सगळ्या गावाला तीच तारीख दिल्याचा पुरावाही जोडला. फौजी माणसाशी तारखांवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता बेदाण्यांकडे वळतो. सांगलीत द्राक्ष म्हटलं की प्रत्येकाला बोलायचा जन्मसिद्ध अधिकार असतो, कारण प्रत्येकाच्या कुठल्यातरी पाहुण्याची बाग असतेच. जो गच्चीवर येई तो एक मणी उचलून तोंडात टाकी आणि सल्ला देई. एक म्हणाला ऊन लागतंय, हिरवी जाळी बांधा. जाळी बांधली. दुसरा म्हणाला वारं अडलं, जाळी सोडा. जाळी सोडली. साळुंक्या आल्या. साळुंक्यांसाठी चमकत्या पट्ट्या लावल्या, तर त्यांचा उजेड समोरच्या इमारतीतल्या एका आजोबांच्या डोळ्यांवर जाऊ लागला आणि ते खिडकीतून आमच्या घराण्याचा उद्धार करू लागले. सल्ला देऊन जाताना प्रत्येकजण मूठभर मणी घेऊन जाई. वाळण्यापेक्षा द्राक्षं सल्ल्यानंच जास्त आटली.

मग मुंग्या लागल्या. मुंग्यांची पावडर टाका, असं सर्वांनी एकमुखानं सांगितलं. प्रियदर्शनीनं ऐकलं नाही. आमच्या घरात मुंगी मारत नाहीत. ती मोरपिसांच्या कुंच्यानं एकेक मुंगी हळुवार सुपलीत घ्यायची आणि कठड्यापलीकडच्या आंब्याच्या फांदीवर सोडायची. मुंग्यांना हा प्रवास आवडला असावा. त्या फांदीवरून उतरून, भिंत चढून, दुपारपर्यंत परत कामावर हजर व्हायच्या. गांधीलमाश्या आल्या तेव्हा तिनं मला जबाबदारी दिली. काय करायचं विचारल्यावर म्हणाली, नुसतं पंख्यानं वारं घाला, त्या जातील आपणहून. समाधान अपार्टमेंटचा अध्यक्ष भर दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून गांधीलमाश्यांना वारा घालत बसलेला सर्वांनी पाहिला. शालूबाईंनी तर फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला आणि खाली फक्त जोडलेल्या दोन हातांचं चित्र टाकलं.

आणि नेमका याच दिवसांत वारा सुटला. नानासोंच्या मिरच्यांची धूळ कुरडयांवर, कुरडयांचा चुरा गोधड्यांवर आणि या सगळ्यांचं मिळून जे काही झालं ते बेदाण्यांवर. खालच्या चारही मजल्यांवर खोकला सुरू झाला. त्यातच बेदाण्यांचा रंग काळपट पडू लागला. प्रियदर्शनीला त्याचं काही वाटलं नाही. औषध नाही म्हटल्यावर रंग असाच येणार, ती म्हणाली. वाटलं ते नानासोंना. त्यांची बहीण तासगावला बेदाण्याच्या शेडवर काम करते, त्यामुळे या विषयात त्यांना गप्प बसवत नव्हतं. शेजारधर्म म्हणून, कुणाला न विचारता, रंग उजळावा यासाठी त्यांनी एका पाटीत गंधक पेटवला, बाजांखाली सरकवला, वर ताडपत्री टाकली आणि परेड केल्यासारखे खाली गेले.

गंधकाचा धूर काय असतो हे ज्याला कळून घ्यायचं असेल त्यानं नानासोंना भेटावं. मी तेव्हा घरात भाषणाची तयारी करत होतो. आधी घसा बसला, मग डोळे गेले. जिन्यातून माणसं नाकाला पदर लावून पळत होती. ज्यांनी आयुष्यात एकमेकांना पाणी विचारलं नाही ते एकमेकांना 'गॅस, गॅस' असं सांगत होते. समोरच्या आजोबांनी गच्चीवरचा धूर पाहिला आणि अग्निशमन दलाला फोन लावला. पट्ट्यांचं उट्टं त्यांनी अशा तऱ्हेनं सव्याज फेडलं. बंब घंटा वाजवत आला. गल्ली जमली. दोन जवान गच्चीवर गेले, त्यांनी एका पाटीवर दोन बादल्या पाणी ओतलं आणि आग विझली.

त्यांचा अधिकारी फार सभ्य माणूस होता. त्यानं एवढंच विचारलं, हे सगळं पसरायची परवानगी कुणी दिली? सगळ्यांनी फक्त जिन्याच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं वरच्या कागदावर मनाई होती, खालच्या कागदावर परवानगी होती आणि दोन्हींखाली माझीच सही होती. अधिकाऱ्यानं दोन्ही कागद वाचले, मग माझ्याकडे पाहिलं. बँकेत तपासणीला आलेले साहेबसुद्धा माझ्याकडे असं कधी पाहत नसत. आठवड्यात लेखी खुलासा द्या, असं सांगून तो गेला.

त्या संध्याकाळी उदयसिंह कायद्याचा विचार करून माझ्याकडे आला. म्हणाला, साहेब, परवा सभा आहे, लोक पेटलेत. एकच मार्ग आहे. परिपत्रक मागे घ्या, आज रात्रीत गच्ची रिकामी करा, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. तसं केलंत तर खुर्ची वाचेल. मी प्रियदर्शनीकडे पाहिलं. ती पाणी पडलेले बेदाणे पंच्यावर टिपून घेत होती. ते अजून पुरते वाळलेले नव्हते. वरचा वारा तुटला तर त्यांना बुरशी लागणार, हे मलासुद्धा कळत होतं. तिच्या हाताच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मला वाईट वाटलं, हे खोटं नाही. तरी मी म्हणालो, "उतरवावं लागेल."

ती म्हणाली, "उतरवा. पण तुम्ही उतरवा. मी न्हाई हात लावणार."

बाजा लिफ्टमध्ये मावल्या नाहीत. एक मावली असं वाटलं, तर ती अडकली, आणि तिच्यामागे मीही. नानासोंनी 'दम धरा' म्हणत बाहेरून ओढून आम्हा दोघांना काढलं. त्यांना अपराधी वाटत होतं, पण ते दाखवायची फौजेत पद्धत नसावी. बेदाणे घरात आले. हॉलमध्ये, डायनिंग टेबलवर, चपलांच्या रॅकवर आणि माझ्या पलंगावर. सगळे पंखे रात्रंदिवस चालू. मी जमिनीवर चटई टाकून झोपलो. प्रियदर्शनी नुसती येता-जाता हातानं बेदाणे वरखाली करायची, आणि माझ्या अंगावरून ओलांडून जायची.

वाढदिवस उजाडला. सकाळी तिनं ओवाळलं, गोड केलं. दुपार कलली तसं तिनं ताटं मांडली. पुरणपोळी, कटाची आमटी. म्हणाली, सहाला बसू जेवायला. मी म्हणालो, सभा साडेपाचला आहे, बघू. तिनं ताटं झाकून ठेवली.

सभा पार्किंगमध्ये भरली. मी शर्टाला कडक इस्त्री करून गेलो. पहिलाच घाव शालूबाईंनी घातला. आमच्या कुरडया सगळ्यांच्या डोळ्यांत आल्या, पण यांचे बेदाणे आता पंख्याखाली झोपलेत, असं त्या म्हणाल्या. मग एकेक जण उठला. पंपाची वेळ निघाली, पार्किंग निघालं, मी जिन्यात उभं राहून कुणाला काय बोललो होतो तेही निघालं. चार वर्षांत इतक्या लोकांच्या डोक्यावर मी मिरे वाटले असतील याची मला कल्पना नव्हती. माझ्या जिव्हारी लागलं. पण अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक होतं. मी उभा राहिलो, आवाज जड केला आणि म्हणालो की ज्या इमारतीसाठी मी उपाशी झोपलो, तिला माझी गरज नसेल तर मी या क्षणी राजीनामा देतो.

एवढं बोलून मी खाली मान घालून वाट बघितली. आता कुणीतरी 'नको साहेब' म्हणेल. बँकेत दोनदा म्हणाले होते.

"मंजूर," नानासो म्हणाले.

सगळ्यांनी हात वर केले. उदयसिंहनंही केला. त्यानं तो मोजायच्या निमित्तानं केला असावा अशी मी समजूत करून घेतली. मग प्रश्न आला, अध्यक्ष कोण? सगळे एकमेकांकडे बघू लागले. हे काम कुणालाच नको होतं, हे मला त्या क्षणी प्रथम समजलं. तेवढ्यात मागून शालूबाई म्हणाल्या, "फ्लॅट कुणाच्या नावावर हाय? प्रियदर्शनीवैनींच्या. त्यास्नीच करा की."

मी मागे वळून पाहिलं. प्रियदर्शनी जिन्याच्या पायरीवर उभी होती. चार वर्षांत ती एकाही सभेला आली नव्हती. ती नाही म्हणेल म्हणून मी निर्धास्त होतो. ती पुढे आली, माझ्या खुर्चीवर बसली नाही, खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "करत्ये. पण आमचं एक हाय. आजपास्नं सभा सकाळी. सांजच्याला कुणी हाक मारायची न्हाई. वाळवणाचं रविवारी दहाला बसून ठरवू, शालूबाई, तुमीबी या. आता सगळ्यांनी घरी जावा. दिवस मावळायला आलाय."

माझ्या चार वर्षांच्या कारकिर्दीत एकही सभा इतक्या लवकर आणि भांडण न होता संपली नव्हती. लोक खरंच उठले. नानासोंनी खुर्च्या गोळा केल्या.

वर येताना मी तिच्यापुढे दोन पायऱ्या चढत राहिलो. मला माझा अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटावं एवढा तो झालाही होता. हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. बेदाणे बाजूला सारून तिनं टेबलावर दोन ताटांपुरती जागा केली होती. मी म्हणालो, माझी खुर्ची घेतलीस वाढदिवसाला, हे बरं केलंस.

ती पुरणपोळीवर तूप वाढत होती. "मग काय करू?" ती म्हणाली. "द्राक्षं वाळवून झाली, उशी शिवून झाली, शर्ट रंगवून झाला. तुम्ही संध्याकाळी घरात बसावं म्हणून आणखी काय करायचं हातानं?"

एवढी वर्षं मी त्या भेटवस्तूंची चेष्टाच करत आलो होतो, आणि ती मात्र वर्षातून एकदा मला घरी बोलावत होती. मी ताट पुढे ओढलं आणि अजून अध्यक्ष असल्यासारखा भराभर जेवू लागलो, सवयीनं, जिन्यातून कुणीतरी हाक मारील म्हणून.

प्रियदर्शनीनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"सावकाश जेवा," ती म्हणाली. "अजून उजेड हाय."